चाळीस जणांना विचारलं

संगमनेर
रविवार, १० ऑगस्ट २०२५

हन्ना,

सलाम.

पत्ता मावशीच्या केविनकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. तो दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी नुसती दारात उभी राहिले, तेव्हा त्याने लिहून दिला. माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही हे मला माहीत आहे. म्हणून पत्र. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी मान वर करून पाहिलं माझ्याकडे.

काही मागायला लिहीत नाही. कुणी आजारी नाही. मला शुगर निघाली आहे, गोळी चालू आहे, पण ते आता सगळ्यांनाच असतं. आठवडाभर इथे संगमनेरला, कॉलेजजवळच्या खोलीत असते. भिंगारच्या घरी पंधरवड्याला जाते, खिडक्या उघडते, केर काढते, परत खिडक्या लावते आणि येते.

तुला हसू येईल, मी अजून पीएचडीच करते आहे. एकोणपन्नासावं वर्ष चालू आहे मला आणि पीएचडीला सातवं. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली, आता मार्च शेवटचा. विषय मात्र बदलला. आधी मुलांच्या परीक्षेच्या ताणावर होता. आता जागृत संमोहनाच्या तीन पद्धतींपैकी लोकांना कोणती पसंत पडते, हा आहे. विषय माझ्या मार्गदर्शकांनी, मंडलिक सरांनी दिला. मी कशाला नाही म्हणू? दिला तो करायचा.

जागृत म्हणजे नावाप्रमाणेच. माणसाला निजवायचं नाही. त्याचे डोळे उघडे, अंग हलतं, आणि आपण शेजारून बोलत राहायचं: अंग हलकं होतंय, नजर स्वच्छ होतेय, दर हालचालीबरोबर जोर वाढतोय. थोड्या वेळाने मन एका जागी गोळा होतं, पण ग्लानी येत नाही. उलट माणूस ताजा होतो. मग त्याला जे हवं असेल त्याच्या सूचना द्यायच्या, दुखणं कमी व्हावं, भीती कमी व्हावी, अभ्यासात लक्ष लागावं.

माझ्याकडे तीन तऱ्हा आहेत. एक, खुर्चीत बसून एक हात मनगटापासून सावकाश वर-खाली हलवत राहायचं. दुसरी, आमच्या विभागाच्या लांब व्हरांड्यात चालायचं. तिसरी, जिमखान्यातून आणलेली जागच्या जागी चालणारी सायकल मारायची. तिचं एक पेडल करकरतं, मी दर सोमवारी खोबरेल घालते. प्रत्येकाने तीन वेगळ्या दिवशी तिन्ही करायच्या आणि शेवटी मी विचारायचं की यातली कोणती घरी करायला आवडेल आणि का.

चाळीस माणसं हवीत. अकरा झाली. प्रत्येकाशी तीनदा तेच ते बोलून घसा बसतो. खोलीवर आले की भाताला कुकर लावायचंही जिवावर येतं.

बास. उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही.

एस्तेर


संगमनेर
रविवार, ३१ ऑगस्ट

हन्ना,

सलाम.

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरते.

तेवीस झाले. त्यातल्या एका माणसाबद्दल सांगते. राधाकृष्ण वाकचौरे नावाचे गृहस्थ आहेत, सत्तरीच्या आतबाहेर. तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. आता घरी बसून आहेत आणि झोप लागत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं की कॉलेजात एक मॅडम डोळे न मिटता काहीतरी करतात, म्हणून स्वतः चालत आले.

म्हणाले, "दुसरीकडं गेल्तो ना मी. तिथं म्हनाले डोळं मिटा. मिटलं, की पाय ब्रेकवर जातोय आपोआप. बघा, असा. खुर्ची सरकली त्यांची."

त्यांचा उजवा हात कापतो. मला वाटलं होतं हाताची पद्धत यांना जमायची नाही. पण त्यांनी तोच हात पुढे केला. मी बोलत राहिले, हात वर-खाली होत राहिला आणि दहाएक मिनिटांनी कापरं एवढं कमी झालं की त्यांनीच मान वाकडी करून हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. कमी झालं, थांबलं नाही. घरी गेल्यावर परत आलं असणार. मी चमत्कार लिहीत नाहीये.

जाताना त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी का म्हनत न्हाई डोळं मिटा म्हनून? सगळेच म्हनत्यात."

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. काही लोकांना डोळे मिटल्यावर असुरक्षित वाटतं, आपला ताबा जातो असं वाटतं, त्यांच्यासाठी ही पद्धत, वगैरे. ते "व्हय व्हय" म्हणाले आणि गेले. तुला मात्र खरं उत्तर देते.

सरांनी विषय दिला नव्हता. सर तर नकोच म्हणत होते. मागच्या पत्रात मी तसं लिहिलं ते सवयीने.

आई गेली आणि तू निघून गेलीस, त्यानंतरच्या जूनमध्ये अश्विनी म्हणून एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. परीक्षेच्या हॉलमध्ये छातीत धडधडायचं तिला. अशी शंभर मुलं तोपर्यंत मी पाहिली होती. मी नेहमीप्रमाणे तिला खुर्चीत टेकून बसवलं आणि म्हणाले, "आता हळूहळू डोळे..." पुढचा शब्द आला नाही. घशातच राहिला. मी परत सुरुवात केली, परत तिथेच अडले. ती पोरगीच उठली, तिने माठातलं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मॅडम, घरी कुणाला बोलावू का?" घरी कोण होतं बोलवायला?

तेव्हापासून कुणालाही ते दोन शब्द मला म्हणता आलेले नाहीत. मी नोकरी कशी करणार होते? मग शोधताना ही डोळे उघडे ठेवायची विद्या सापडली. जुनी आहे, बाहेरच्या देशांत पुष्कळ काम झालेलं आहे. मला ती लोकांपेक्षा स्वतःसाठी हवी होती.

का म्हणता येत नाहीत, ते तुला ठाऊक आहे. तू अंगणात सगळ्यांसमोर म्हणालीस ते शब्द माझे पाठ आहेत. "तू झोपवलंस तिला. मी वाटेत होते आणि तू तिला झोपवलंस."

आज एवढंच. पाठ भरून आली आहे.

एस्तेर


संगमनेर
रविवार, २१ सप्टेंबर

हन्ना,

सलाम.

चाळीस पूर्ण झाले. सत्तावीस जणांना चालणं आवडलं, आठ जणांना हात, पाच जणांना सायकल. वाकचौरे त्या आठांत. मंडलिक सर खूश झाले, म्हणाले आकडे बोलतात, आता बसून लिहून काढा, डिसेंबरात माझ्या टेबलावर द्या. त्या दिवशी मी सात वर्षांत पहिल्यांदा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून वडा खाल्ला.

तो आनंद चार दिवस टिकला. तो घालवला छबूबाईने.

छबूबाई आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटते. सकाळच्या दोनशे, संध्याकाळच्या दोनशे. गुडघे गेलेत, उजवा खांदा गेलाय. चाळीसावी तीच. तिनेही चालणं म्हटलं होतं आणि मी का, ते विचारून लिहूनही घेतलं होतं: "बरं वाटतं." पण माझ्या वहीत बहुतेकांचं कारण तेच होतं, बरं वाटतं. प्रबंधात असं कसं लिहायचं? म्हणून मी परत खानावळीत गेले. ती पीठ मळत होती.

"छबूबाई, चालण्यातच काय बरं वाटलं ते जरा नीट सांगा ना."

"तुमी संगं हुता."

"म्हणजे?"

"आता काय सांगू. सायकलीवर बसले तवा तुमी म्होरं उभ्या, हातात घड्याळ. मला वाटलं परीक्षाच हाय. हाताच्या टायमाला टेबलाच्या पल्याड बसल्या. चालताना मातर बाजूला हुत्या. माज्या पायाकडं बघून हळू चालत हुत्या. माज्यासंगं असं कोन चालतंय हो? आमचं मालक तर म्होरं निघून जात्यात, मी आपली मागून येतेय."

"मग मी सायकलशेजारी उभी राहिले असते तर?"

तिने पिठाचा गोळा फिरवला. "तर सायकल बी चालली असती."

मी खोलीवर आले आणि त्या सत्तावीस जणांना एकेक करून फोन लावले. दोन दिवस गेले. एकोणीस जणांनी आपापल्या शब्दांत तेच सांगितलं. एका शिपायाने तर सांगितलं की त्याला सूचनांमधलं अक्षरही आठवत नाही, पण मॅडम बाजूने चालत होत्या ते छान होतं.

हन्ना, मी चाळीस लोकांना विचारलं की कोणती पद्धत आवडते, आणि त्यांनी उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं. चूक त्यांची नाही. तिन्ही वेळा मी एकाच जागी, एकाच अंतरावर असायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते.

सरांकडे गेले. सगळं सांगितलं.

"मर्यादा या मथळ्याखाली एक ओळ टाका," म्हणाले.

"एका ओळीत मावत नाही सर."

"मग मावेल तेवढंच लिहा. एस्तेरबाई, मार्चनंतर मुदत नाही. चाळीस माणसं परत गोळा करणार? परत तीन-तीन दिवस? तुमच्याच्याने होणार आहे का? तुमचा चेहरा बघा."

ते वाईट माणूस नाहीत. माझ्या भल्याचंच बोलत होते. मी "विचार करते" म्हणून आले आणि तेव्हापासून विचार असा काही करतच नाहीये, नुसती पडून आहे.

एस्तेर


भिंगार
रविवार, १२ ऑक्टोबर

हन्ना,

सलाम.

आज घरातून लिहिते आहे. आईच्या खोलीतून नाही, स्वयंपाकघरातून. त्या खोलीत बसून हे लिहिता येतं का ते पाहिलं, नाही आलं.

तू आलीस तेव्हा काय घडून गेलं होतं ते तुला मी सांगितलं होतं. त्यातला एक भाग खोटा होता. छबूबाईने माझे चाळीस कागद मोडीत काढले तेव्हापासून तो भाग डोक्यातून जात नाही. लिहून टाकते.

९ डिसेंबर २०२१, गुरुवार. दवाखान्यातून घरी आणून आईला सहावा दिवस होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय दमलंय, आता जेवढे दिवस मिळतील तेवढे. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे, म्हणून पाठीशी चार उशा लावून बसवलेली असे. सकाळी आठला तुझा फोन आला. तू म्हणालीस, "ताई, मी निघते आता, तिला जागी ठेव, बोलत राहा तिच्याशी, मी आल्याशिवाय झोपू देऊ नकोस." तू तसं का म्हणालीस ते मला कळलं. डोळे मिटले की ती उघडणार नाही ही भीती मलाही होती.

मी जागी ठेवली. तोंडावरून ओला रुमाल फिरवला. उपासनेतली गीतं म्हटली. तिच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांची नावं विचारली, ती एकेक सांगायची, मधे थांबायची, डोळे जड व्हायचे, की मी परत हलवायची. "आई, पुढचं नाव सांग. आई, इकडे बघ." अकराला पेज दिली, दोन चमचे गेली. बारा वाजले. एक वाजला. एसटीच्या संपामुळे तुला बस उशिरा मिळाली होती, ती आता कुठे संभाजीनगरच्या पुढे आली होती.

मी तीन रात्री पाठ टेकली नव्हती. एवढं एक तुला सांगायचं म्हणून सांगते, कैफियत म्हणून नाही. दीडच्या सुमाराला मी तिचा हात धरला आणि संमोहनाच्या कार्यशाळेत शिकले होते तसं सुरू केलं. आई, डोळे मिट. श्वास येतोय तसा येऊ दे. आपल्या जुन्या शाळेच्या पायऱ्या आहेत, एकेक उतर, मी मोजते. माझा आवाज चांगला लागला होता. शिकताना कधी लागला नव्हता इतका. सातव्या-आठव्या पायरीला तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मी आणखी मोजत गेले. आणि मग मोजता मोजता माझंच डोकं गादीच्या कडेवर टेकलं.

जाग आली तेव्हा साडेतीन झाले होते. ती गेली होती. हात माझ्या हातातच होता, गार. तू चार वाजून वीस मिनिटांनी आलीस.

तू विचारलंस, "का झोपवलंस?" मी म्हणाले, "तीच म्हणाली, मला निजव."

ती असं म्हणाली नव्हती. काहीच म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. सकाळी जागं ठेवताना विचारलं नाही आणि दुपारी निजवतानाही विचारलं नाही. सकाळी तू सांगितलंस म्हणून जागं ठेवलं, दुपारी मला झोप येत होती म्हणून निजवलं. चाळीस परक्या माणसांना मी तीन पद्धती दाखवून विचारलं की तुम्हाला काय हवं. आईला एकदाही नाही.

तू अंगणात मला जे बोललीस ते बरोबर होतं. मी तुला खोट्याचा आधार घेऊन उत्तर दिलं आणि तू निघून गेलीस. त्यानंतर तुझं खरं की माझं खरं असा प्रश्नच नव्हता, पण मी तसा असल्यासारखी वागले.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर कामं लादायची सवय मला मोडायची आहे.

एस्तेर


संगमनेर
रविवार, ९ नोव्हेंबर

हन्ना,

सलाम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आज रविवार. मधल्या चार दिवसांत मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. त्यातलं दुसरं इतकं वाईट होतं की फाडून वर जाळलंही.

तुझं पानभर पत्र मला आता पाठ आहे. तू लिहितेस: "त्या सकाळी तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा आईने मला फोन केला होता. तिच्याच हाताने लावला. म्हणाली, हन्ना, धावत येऊ नको, सावकाश ये. मला आता निजायचंय गं. एस्तेर दमलीय, तिला पण निजू दे. मी म्हटलं, नाही आई, मी निघालेच, तू जागी राहा. ती म्हणाली, बरं. मग मी तुला फोन केला आणि जागी ठेव म्हणून सांगितलं. तिने काय सांगितलं ते सांगितलं नाही. तू अंगणात म्हणालीस, तीच म्हणाली मला निजव, तेव्हा मला वाटलं तिने तुलाही सांगितलं. आपल्या दोघींना सांगितलं आणि तू ऐकलंस, मी नाही. ते मला सहन झालं नाही, ताई."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हलकं वाटलं. खोटं सांगत नाही, अंग हलकं झालं, जे मी लोकांना बोलून बोलून करू पाहते ते एका ओळीने झालं. आईला निजायचं होतं.

आणि मग राग आला. एवढा राग मला कधी आल्याचं आठवत नाही. हन्ना, तुला माहीत होतं. माझा घसा चार वर्षं धरलेला आहे. एका वीस वर्षांच्या पोरीने मला पाणी पाजलं. मी माझं शिकलेलं काम टाकून दुसरं शोधलं. आणि तुझ्याकडे ते वाक्य होतं, तिच्या तोंडचं, आणि तू ते घेऊन जालन्याला जाऊन बसलीस. मला सकाळी आठला सांगितलं असतंस तर मी तिला साडेपाच तास हलवत बसले नसते. तिच्या गालावर ओला रुमाल मारून तिला मुलांची नावं विचारली नसती. ते मला आता आठवतं. झोपवलं ते नाही, जागं ठेवलं ते.

बघ, हे सगळं लिहिलं. हे फाडत नाही. पण याच्याखाली दुसरंही लिहिते. माझं वाईट व्हावं म्हणून तू ते लपवलंस का? तुला आई हवी होती, एवढंच होतं. मला झोप हवी होती. तिला जे हवं होतं ते तिने एकीला सांगितलं, आणि ती फोनच्या पलीकडे होती.

दोन दिवसांनी राग गेला असं नाही, पण त्याला बसायला जागा सापडेना. तुझं पत्र समोर ठेवलं की राग येतो आणि त्यातलं "ताई" वाचलं की जातो. असं दिवसातून पुष्कळदा. दमायला होतं.

कामाचं सांगते. मी मावेल तेवढं लिहिलं नाही, सगळं लिहिलं. मी कुठे उभी होते, कुठे बसले होते, कुणाच्या बाजूने चालले, सगळं. मग परत सुरू केलं, तिन्ही पद्धतींत शेजारी खुर्ची, घड्याळ खिशात, चालताना दोन हात अंतर. सतरा जणच परत आले. सहा चालणं म्हणाले, सहा हात, पाच सायकल. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही, आणि मार्चपर्यंत परत चाळीस माणसं व्हायची नाहीत. मंडलिक सरांनी मुदतीसाठी अर्ज केला होता, माझ्या नकळत. तो नामंजूर होऊन आला. त्यांनाच वाईट वाटलं. मी म्हटलं, सर, जाऊ द्या, मार्चमध्ये निवांत झोपेन. ते हसले नाहीत. सात वर्षं गेली, हे खरंच आहे. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण त्या दिवशी तुझं पत्र येऊन दोनच दिवस झाले होते, रडण्याचा कोटा संपला होता.

एक गोष्ट झाली. छबूबाई आणि खानावळीतल्या दोघी, दगडाबाई आणि साळूबाई, सकाळच्या पोळ्या आटोपल्या की मैदानाला दोन फेऱ्या मारतात. मी एकदा मागून गेले तर छबूबाई साळूबाईला सांगत होती, "पाय हलका व्हायलाय, बघ. नजर म्होरं ठेव. जोर येतोय." माझीच वाक्यं, तिच्या तोंडी फार बरी वाटली. मी पुढे गेले नाही, वळून आले.

तू शेवटी लिहितेस, "ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही." मला आता माणसांनी अर्धवट सांगितलेलं कळेनासं झालंय. म्हणून सरळ विचारते. ३० तारखेच्या रविवारी मी जालन्याला येऊ का? नको असेल तर एक ओळ पाठव, मी रागावणार नाही. यावं असं वाटत असेल तरी एक ओळ पाठव. अंदाजाने काही करायची माझी आता इच्छा नाही.

एस्तेर


जालना
रविवार, ३० नोव्हेंबर, दुपार

हन्ना,

तुझी ओळ आली. "ये. अकराच्या पुढे." मी सव्वा अकराला आले तर दाराला कुलूप. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, तू उपासनेला गेलीस, मग तुझ्या वसतिगृहातल्या एका मुलीला ताप आहे म्हणून निरोप आला, तिकडे गेली असशील. त्यांनी पायरीवर पोतं टाकून दिलं, चहा दिला. आता साडेबारा. पर्समध्ये हा कागद होता. तू आलीच नाहीस तर दाराखालून सरकवीन, म्हणून लिहीत बसले आहे.

वाटेत संभाजीनगरच्या स्टँडवर पाऊण तास बसले. तुझी त्या दिवसाची बस याच फलाटावरून सुटली असेल. मी डोळे मिटून घेतले. मुद्दाम. घड्याळ पाहून एक मिनिट. काही झालं नाही. शेजारच्या माणसाने विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, वाटतंय.

मी येताना मनाशी ठरवलं होतं की आधी काय बोलायचं. आता सगळं विसरले आहे. तुझं दार हिरवं आहे. उंबऱ्याशी दोन चपला आहेत, एक झिजलेली आणि एक जवळजवळ नवी, एकाच जोडाच्या. मी त्या बघत बसले होते, मला वाटलं कुणीतरी विसरून वेगळ्या ठेवल्यात. शेवटी बनुबाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "तुमाला म्हाईत नाई? पाय मोडला व्हता की वॉर्डनबाईचा. जिन्यावरून पडल्या. दोन वर्सं व्हायलीत. सळई हाय आतमधी. डाव्या पायावर भारच देत नाईत त्या."

दोन वर्षं. मला कुणी सांगितलं नाही. केविननेही नाही. त्याला तू सांगू नको म्हणाली असशील. तुला डबा कुणी दिला? रात्री पाणी कुणी दिलं? मी भिंगारला खिडक्या उघडत होते आणि लावत होते.

बनुबाई आताच म्हणाल्या, "त्या बघा, आल्या."

गल्लीच्या तोंडाशी तू आहेस. हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. केस किती पांढरे झालेत. एक पाऊल टाकतेस, थांबतेस, मग दुसरं. मला पाहिलंस. उभी राहिलीस तिथेच.

तुला एवढं चालत यायला लावणं बरं नाही. मीच येते.